दिसलाच नाही तो गोल

आमच्याकडे रविवारी मामा जेवायला आला की फुटबॉलवरून भांडण ठरलेलं. मामा नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेला, मॅराडोनाचा माणूस. आणि आमचा चिरंजीव, वय वर्षं सतरा, त्या दिवशी फॅशन स्ट्रीटवरून घेतलेली मेस्सीची दहा नंबरची जर्सी घालूनच ताटावर बसतो, मुद्दाम. मी मधे बसतो आणि रस्सा वाढतो.

परवा पोराने थेट वर्मावर बोट ठेवलं. म्हणाला, आजोबा, ८६ च्या वर्ल्डकप फायनलमध्ये मॅराडोनाचे गोल किती? झीरो. मेस्सीचे २०२२ च्या फायनलमध्ये दोन, वर शूटआऊटमधली पेनल्टी. बोला आता.

मामाने नळी ताटात ठेवली. म्हणाला, अरे तो पास बघितलास का तू, पास?

तर हा पास. २९ जून १९८६, रविवार, आपल्याकडे रात्री साडेअकराला मॅच सुरू, बाहेर धो धो पाऊस. मजल्यावर टीव्ही एकच, ब्लॅक अँड व्हाईट, लाकडी शटरवाला, आणि त्या दहा बाय बाराच्या खोलीत तीसेक माणसं, मी नऊ वर्षांचा, मामाच्या मांडीवर अर्धवट झोपलेला. अर्जेंटिना दोन शून्यने पुढे होती तेव्हा अर्धी चाळ झोपायला गेली, मग जर्मनीने सात-आठ मिनिटांत दोन गोल फेडले तशी ती परत उठून आली. एक वाजून गेलेला आणि नेमका तेव्हाच पडद्यावर मुंग्यांचा बाजार. एक जण गोणपाट डोक्यावर घेऊन गच्चीवर अँटेना फिरवतोय, एक जण गॅलरीतून ओरडतोय, आलं... गेलं... अरे होतं तिथंच ठेव की! त्या मुंग्यांमधून मॅराडोनाकडे बॉल गेला, मग नुसता आवाज, आणि चित्र आलं तोपर्यंत बुरुचागा धावत सुटलेला आणि सगळी अर्जेंटिना त्याच्या मागे. तीन दोन.

म्हणजे तो पास आमच्यापैकी कोणीही बघितलेला नाही. पण मामा गेली चाळीस वर्षं सांगतोय की दोन जर्मन डावीकडून आले, त्यांना चकवलं, मग मॅथॉयसला असा झुलवला (इथे मामा खुर्चीतच कंबर हलवतो), चौथ्याच्या पायातून बॉल काढला आणि मग दिला.

पोराने फोन काढला आणि यूट्यूबवर लावून समोर धरला. मॅराडोना मधल्या वर्तुळात, भोवती जर्मनांचा गराडा, बॉल टप्पा खाऊन येतो आणि तो एकाच टचमध्ये डाव्या पायाने सोडून देतो. संपलं. चकवलं बिकवलं कोणालाच नाही. माझ्या मते मामाच्या गोष्टीपेक्षा हे जास्त भारी आहे, कारण एवढ्या गर्दीत मागून कोण पळतोय हे त्या माणसाला कळलं कधी? पण मामा शेवटी मामाच. चष्मा वर करून दोनदा बघितलं आणि म्हणाला, हा अँगल वेगळा आहे.

मला वाटतं या सगळ्या तुलनांमध्ये खरी भानगड इथेच आहे. लोक म्हणतात जमाना वेगळा, नियम वेगळे, आणि ते खरंच आहे. ८२ साली इटलीच्या जेंटिलेने एका मॅचमध्ये मॅराडोनाला तेवीस वेळा पाडलं म्हणतात आणि तरी जेंटिले पूर्ण वेळ मैदानावर राहिला. ६६ ला पेलेला पोर्तुगालने लाथा घालून लंगडा केला आणि तो तसाच खेळत राहिला, कारण वर्ल्डकपमध्ये बदली खेळाडू आणि पिवळी-लाल कार्डं आली ती ७० पासून. पण भांडण जिंकतो तो ज्याचं शूटिंग कमी त्याचा फॅन. पेलेचंच घ्या. स्वतःचा सर्वात सुंदर गोल म्हणून तो जो सांगायचा तो १९५९ सालचा, साओ पाउलोमधल्या रुआ जावारीच्या छोट्याशा मैदानावरचा, आणि त्याचं चित्रणच नाही! शेवटी कॉम्प्युटरवर बाहुल्या नाचवून तो गोल पुन्हा बनवावा लागला. आता याच्याशी मेस्सी कसा भांडणार? २०१२ या एका वर्षात त्याने ९१ गोल केले, ते सगळे फोनवर आहेत, आणि २०१६ ला चिलीविरुद्ध बारवरून उडवलेली पेनल्टी पण आहे, स्लो मोशनमध्ये, चार बाजूंनी. बिचाऱ्याला दंतकथा व्हायला जागाच ठेवलेली नाही.

मामाचे वडील, म्हणजे माझे आजोबा, या बाबतीत मामाचेही बाप होते. मिलमधली पहिली पाळी संपवून कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कपच्या फुटबॉल मॅचेस बघायला जायचे. त्यांच्यापुढे पेले मॅराडोना काढलं की म्हणायचे, नेव्हिल डिसूझा बघितलाय? संपला विषय. कोण बघणार! ५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा, ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक मारणारा पहिला आशियाई, भारत त्या वेळी चौथा आला, आणि हा माणूस आपल्या मुंबईत पावसात, कूपरेजच्या चिखलात, पाणी पिऊन दगड झालेल्या चामड्याच्या बॉलने खेळलेला. आजोबा सांगायचे की त्याने हेडर मारला की आवाज ओव्हलपर्यंत जायचा. खरंखोटं करायला ना व्हिडिओ, ना आता आजोबा. मामासुद्धा त्यांच्यासमोर गप्प बसायचा.

त्या रविवारी संध्याकाळी पाऊस एवढा लागला की मामाला राहायलाच लावलं. रात्री अकराला पोरगा टर्फवरून आला, गुडघ्यापर्यंत ओला, चपला दारातच भिरकावल्या. बाबा, काय गोल केला यार आज मी, कॉर्नरवरून सुटलो, सरळ बॅकहील. मी म्हटलं, दाखव. तर म्हणे पावसामुळे सगळ्यांचे फोन बॅगेत होते, कोणीच शूट नाही केला.

मामा आडवा झाला होता तो उठून बसला. चष्मा शोधून घातला.

"किती जणांना काढलंस?"

"दोघांना," पोरगा म्हणाला. टॉवेलने डोकं पुसलं. "नाही, तिघं होते."