मानवशास्त्राची पदवी: डोक्याची लांबी आणि सासूबाईंना 'आत्याबाई' म्हणणं

बीएस्सीला मानवशास्त्र घेतलं की एका नावाखाली दोन शास्त्रं शिकावी लागतात. एकात हाडं, रक्तगट, जनुकं. दुसऱ्यात कुळ, लग्न, दैवतं. मला दोन्हींची वाट प्रॅक्टिकलमधून सापडली. पुस्तकं त्यानंतर सोपी झाली.

आधी मोजमाप. उंची घेताना माणूस अनवाणी हवा, टाचा जुळलेल्या हव्यात आणि डोकं फ्रँकफर्ट पातळीत. म्हणजे कानाच्या छिद्रापुढच्या कूर्चेची वरची कडा आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कडा एका आडव्या रेषेत. हनुवटी जरा वर गेली तरी आकडा बदलतो. अंबाडा असेल तर तो आधी सोडायला सांगते. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात, संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरते. म्हणून सगळ्यांची मापं एकाच वेळेला.

डोक्याची लांबी भुवयांमधल्या उंचवट्यापासून मागच्या सर्वांत लांबच्या बिंदूपर्यंत. कॅलिपरचं, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर मोजणाऱ्या उपकरणाचं, पुढचं टोक डाव्या हाताच्या बोटांनी धरून ठेवते, मागचं मधल्या रेषेत वरखाली फिरवते आणि सर्वांत मोठा आकडा घेते. रुंदीला ठरलेला बिंदूच नाही, कानांच्या वर शोधत जावं लागतं. दोन्ही टोकं एका पातळीत नसली की माप फसतं. रुंदीला लांबीनं भागून शंभरनं गुणलं की डोक्याचा निर्देशांक मिळतो: रुंदी १४६ मिलिमीटर, लांबी १८४, तर निर्देशांक ७९.३. प्रत्येक माप दोनदा घेते, दुसऱ्या वेळी पहिला आकडा झाकून. या निर्देशांकावरून माणसाचा वंश ठरवायची मात्र सोय नाही. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९१२ मध्येच मांडलं होतं की अमेरिकेत जन्मलेल्या स्थलांतरितांच्या मुलांच्या डोक्याची मापं आईबापांपेक्षा वेगळी भरतात.

खरा कस लागतो वंशावळीत. पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला बरोबरीची खूण, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ. ही खुणांची भाषा तासाभरात येते. अडतं ते नात्यांच्या शब्दांपाशी. 'भाऊ' म्हटलं की सख्खा, चुलत, मावस, मामे की आते, हे दर वेळी विचारावं लागतं. सगळ्यांसाठी इंग्रजी 'कझिन' लिहिलं तर लग्नाचा नियमच पुसला जातो. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी करतात, आत्याची टाळतात. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात हा फरक मांडला आहे.

त्याच नियमाची सावली हाकेतही दिसते. जुन्या घरांत सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणते. एखादी बाई सासूला 'आमच्या आत्याबाई' म्हणाली की मी लगेच त्रिकोण-वर्तुळ काढत नाही. आधी विचारते, 'त्या तुमच्या वडिलांच्या सख्ख्या बहीण का?' उत्तर 'हो' आलं तर मामे-आते लग्न सापडलं, 'नाही' आलं तर ती नुसती हाक. हे दोन रकाने, हाक आणि प्रत्यक्ष नातं, वहीत वेगळेच ठेवावेत. हा विषय मला सर्वांत प्रिय आहे तो याचसाठी.

मुलं किती, असं विचारलं की हयातच सांगितली जातात. म्हणून 'बाळंतपणं किती झाली?' असं विचारावं, तेही बाईनं, एकांतात आणि घाई न करता. समोरचीला नको असेल तर प्रश्न तिथेच सोडावा. लग्नानंतर काही घरांत पहिलं नावही बदलतात, त्यामुळे दोन्ही नावं लिहायची. नाहीतर एकच बाई माहेरच्या आणि सासरच्या फांदीवर दोन वेगळी वर्तुळं होऊन बसते.

म्हाताऱ्या माणसांचं वय आकड्यात मिळत नाही. तिथे प्रसंग विचारते: १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप. 'दुष्काळात खडी फोडायला जात होतात का? तेव्हा लग्न झालं होतं का, थोरला कडेवर होता का?' अशा तीन-चार उत्तरांतून वय दोन-तीन वर्षांच्या फरकानं येतं. वहीत त्या वयापुढे 'अंदाजे' लिहून शेजारी तो प्रसंगही नोंदवते. मार्गदर्शक तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच विचारतात.