मेहुणा उभा होता म्हणून मी अर्ज दिला

"सख्खा मेहुणा उभा, ड्यूटी त्याच्याच प्रभागात, मग आपणहून लिहून का दिलंत? गप्प बसला असतात तर कुणाला कळणार होतं?" 2017 च्या नाशिक महापालिका निवडणुकीपासून लग्नात, दशक्रियेला, स्टाफरूममध्ये हेच ऐकतोय. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच लिहितो.

ड्यूटी टाळायची नव्हती. त्याआधी लोकसभा-विधानसभेला केंद्राध्यक्ष राहिलोय, मध्यरात्री यंत्रं जमा करून घरी आलोय.

सिडकोतल्या प्रशिक्षणात आदेश हातात पडला, प्रभाग वाचला आणि पोटात गोळा आला. तिथंच 'उमेदवार माझा मेहुणा आहे, ड्यूटी बदला' असा अर्ज लिहून टेबलावर नेला. साहेब म्हणाले, "सर, नाशकात कोण कुणाचा नातेवाईक नाही? असे अर्ज घेत बसलो तर केंद्रं कोण चालवणार?" मागून कुणीतरी म्हणालं, "बहाणे!" कानशिलं तापली, पण अर्जावर आवक क्रमांक पडेपर्यंत हललो नाही. शेवटी मला नाशिकरोडला टाकलं.

रात्री मेहुण्याचा फोन. "दाजी, माझ्यावर विश्वास नाही का?" निकालात तो पडला. नंतर सगळ्यांदेखत म्हणाला, "तुम्ही तिथं असतात तर चार मतं इकडची तिकडं झाली असती."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या या वाक्यात आहे. मी एकही मत हलवलं नसतं. पण तो जिंकला असता तर विरोधकांना वाटलं असतं मीच केलं, आणि हरला असता तर त्याला वाटलं असतं मी मुद्दाम केलं नाही. मतमोजणी कितीही चोख झाली तरी हा संशय पुसता येत नाही.

लोकसभा-विधानसभेसाठी असलेल्या लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 चं कलम 26 सांगतं की उमेदवारासाठी काम करणाऱ्याला मतदान केंद्रावर नेमू नये. नात्याचं तिथं नाव नाही. तेव्हा वाटायचं, ज्यानं त्यानं सांगितलं की पुरे. आता वाटतं, हे सांगणाऱ्याच्या मर्जीवर सोडायचंच कशाला? उमेदवारांची यादी पुढं ठेवून, कुणाशी नातं आहे का ते प्रत्येक कर्मचाऱ्याकडून लेखी घ्या. आणि हे वरपर्यंत लागू करा. निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या समितीत 2023 च्या कायद्यानं पंतप्रधान, त्यांनी नेमलेला केंद्रीय मंत्री आणि विरोधी पक्षनेता आहेत. तिघांतले दोघे सत्तेतले, आणि तेच पुढं निवडणूक लढवणार. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा होईपर्यंत मंत्र्याच्या जागी सरन्यायाधीश ठेवले होते, ते मला जास्त पटतं.

तरी साहेबांचा सवाल खोटा नव्हता. चुलत, आते, गावकी सगळं धरलं तर माणसं उरणार नाहीत. रेघ कुठं ओढायची, मला ठरवता येत नाही. सख्खा मेहुणा उभा असेल तर तिथं ड्यूटी नको, एवढं मला पक्कं वाटतं. बायकोला अजून पटलेलं नाही. भाऊबीजेला ती एकटीच जाते.