तुम्ही विचारलंत म्हणून: मित्रांना फरक कळत नाही, तर एवढ्या महागड्या चिप्स कशासाठी?

पोकरचा डाव संपतो, पत्ते खोक्यात जातात आणि मी चिप्सच्या, म्हणजे डावात पैशांच्या जागी लावायच्या गोल चकत्यांच्या, वीस-वीसच्या चळती रॅकमध्ये लावायला बसते. तेव्हा कोणीतरी विचारतंच. शब्द बदलतात, मुद्दा तोच असतो. "अगं, काडेपेटीतल्या काड्या घेऊनसुद्धा हा खेळ खेळता येतो. तू या चकत्यांवर इतका खर्च का करतेस? बरं, तोही आमच्यासाठी? आम्हाला तर यातलं काही कळत नाही." घरचे विचारतात, ऑफिसातले विचारतात, ज्यांच्यासाठी टेबल मांडते ते मित्रही विचारतात. आजवर मी "आवडतं म्हणून" एवढ्यावर वेळ मारून नेली. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं.

तुमच्या प्रश्नातलं जे खरं आहे ते आधी मान्य करते. छंद महाग आहे. माझ्या एका रॅकच्या, म्हणजे शंभर चिप्सच्या किमतीत प्लॅस्टिकच्या चिप्सच्या कितीतरी पेट्या येतील. आणि मित्रांना खरंच फरक पडत नाही. एकाला तर दोन वर्षं माझ्याकडे खेळूनही दोन सेट वेगवेगळे आहेत हे माहीत नव्हतं. आम्ही पैसे लावत नाही, त्यामुळे चिपला तशीही काही किंमत नसते.

माझ्याकडेही आधी प्लॅस्टिकचीच पेटी होती. तिच्यावर मोठ्या अक्षरात '११.५ ग्रॅम' लिहिलेलं होतं आणि जड म्हणजे अस्सल, असं मीही धरून चालले होते. मग एका ओळखीच्या माणसानं एका बंद पडलेल्या कॅसिनोची जुनी चिप माझ्या हातावर ठेवली. ती माझ्या चिप्सपेक्षा हलकी होती. त्या पेटीतल्या चिप्सचं वजन पोटात घातलेल्या धातूच्या चकतीचं असतं. अमेरिकी कॅसिनोंमधल्या मातीच्या चिप्स साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमच्या असतात. ती चिप मी अंगठ्यानं फिरवून पाहिली. खडूसारखी कोरडी, किंचित खरबरीत. माझ्याकडच्या चिप्स एकमेकींवर आपटल्या की खणखणायच्या आणि चळतीवरून घसरायच्या. ही चिप दुसरीवर ठेवली की तिथेच राहते, आवाजही दबका येतो. त्या रात्री मी ती एकच चिप हातात घेऊन बराच वेळ बसले होते.

ती बनते कशी, हे कळल्यावर मी या छंदात पुरती ओढली गेले.

'मातीची' हे बोलण्यापुरतं. खडू, माती, रंग आणि सगळं धरून ठेवणारं द्रव्य असं ते मिश्रण असतं, आणि त्याचं नेमकं प्रमाण बनवणारे कोणाला सांगत नाहीत. आधी एका रंगाची चकती तयार होते. तिच्या कडेला खाचा पाडतात आणि त्या खाचांमध्ये दुसऱ्या रंगाचे तुकडे बसवतात. मधोमध छापील कागदाची गोल चकती येते, तिला इनले म्हणतात. मग हे सगळं साच्यात घालून उष्णता आणि प्रचंड दाब देतात. बाहेर येते तेव्हा ती एकजीव झालेली असते. कडेवरचा ठिपका रंगवलेला नसतो, तो चिपच्या अंगातूनच आरपार गेलेला असतो. नख फिरवलं तरी सांधा लागत नाही. यातलं बरंचसं काम हातानं होतं, म्हणून ठिपके वाढले, त्यांतले रंग वाढले की किंमत वाढत जाते. मी पैसे मोजते ते या कामाचे.

चित्र हवं तसं छापायचं असेल तर सिरॅमिकच्या चिप्स असतात. त्यांच्यावर डाय सब्लिमेशननं, म्हणजे उष्णतेनं रंग आत उतरवून, कडेसकट सगळीकडे छपाई करता येते. त्या टिकाऊ असतात आणि मातीच्या मानानं स्वस्त पडतात. माझा टूर्नामेंटचा सेट सिरॅमिकचाच आहे आणि त्याबद्दल मला जराही कमीपणा वाटत नाही. पण हात जातो तो मातीकडेच.

आता त्या ठिपक्यांकडे येते, कारण माझं खरं उत्तर तिथेच आहे. बरेच जण त्यांना नक्षी समजतात. चिप टेबलावर आडवी, एकटी क्वचितच असते; ती चळतीत असते. चळतीतल्या सर्वांत वरच्या चिपचा चेहरा तेवढा दिसतो, बाकी सगळ्यांच्या फक्त कडा. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला समोर किती आहे हे कळायचं तर ते कडेवरूनच कळलं पाहिजे. काळ्या चळतीत एखादी लाल शिरली, तर ठिपक्यांची रेघ तिथे तुटलेली दिसते. पत्ते वाटणाऱ्या डीलरला, वरच्या कॅमेऱ्याला, समोरच्या खेळाडूला, सगळ्यांना एका नजरेत हिशोब लागावा आणि नक्कल करणं अवघड जावं, यासाठी ही सगळी मेहनत.

रंगांचंही तसंच. जुन्या घरगुती सेटमध्ये पांढरी, लाल आणि निळी अशा तीनच चिप्स असायच्या आणि निळी सर्वांत जास्त किमतीची. शेअर बाजारात भरवशाच्या मोठ्या कंपन्यांना 'ब्लू चिप' म्हणतात, तो शब्द तिथूनच आला. पुढे अमेरिकी कॅसिनोंमध्ये पाचला लाल, पंचवीसला हिरवी, शंभराला काळी, पाचशेला जांभळी असा प्रघात पडला. मी माझ्या सेटमध्ये तोच क्रम ठेवलाय. सेट बदलला तरी लाल म्हणजे पाच हे बदलत नाही, त्यामुळे कोणाला नव्यानं शिकावं लागत नाही.

हे वेड माझ्यापासून सुरू झालेलं नाही, हेही सांगते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधली श्रीमंत घराणी चीनमधल्या कँटनहून शिंपल्याचे मोहरे मागवायची. गोल, लांबट, माशाच्या आकाराचे, बारीक कोरीव कामाचे, मधे घराण्याची मुद्रा. समुद्रापलीकडे नमुना पाठवायचा आणि माल येईपर्यंत वाट पाहायची. पत्त्यांच्या टेबलावर गुण मोजायला त्यांनाही काड्या चालल्या असत्या.

मधल्या काळात माझ्याकडून एक चूक झाली. पहिला मातीचा सेट आला तेव्हा मी सात-आठ महिने थांबले होते. नमुने मागवले, रंग दिवसाच्या उजेडात आणि दिव्याखाली ताडून पाहिले, ऑर्डर दिली, आणि मग नुसती वाट. ठरलेली तारीख दोनदा पुढे गेली. अखेर खोकं आलं आणि त्याच शनिवारी मी डाव मांडला. माझं सगळं लक्ष मित्रांच्या चेहऱ्यांकडे. कोणी काही बोललं नाही. तास झाला, दोन तास झाले. शेवटी एकाच्या हातून एक हिरवी चिप फरशीवर पडली आणि माझ्या तोंडून तिची किंमत निघून गेली.

टेबल गप्प झालं. त्यानं चिप उचलून, पुसून, दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. तिच्या कडेचा बारीकसा टवका उडाला होता. तो तीनदा सॉरी म्हणाला. त्यानंतर सगळे चिप्सना बिचकून हात लावू लागले. पैज लावताना अलगद ठेवू लागले, पाण्याचे ग्लास दूर सरकवले, हातात उगाच खेळवणं बंद झालं. पुढच्या वेळी एक जण म्हणाली, "तू तुझी जुनी प्लॅस्टिकची पेटी काढ ना, आम्हाला मोकळं वाटेल." ते मला फार लागलं. चिप्स आवडल्या नाहीत म्हणून नाही, तर माझ्या घरी माझ्या मित्रांना अवघडल्यासारखं झालं म्हणून.

मी प्लॅस्टिकची पेटी काढली. पुढचे तीन डाव आम्ही तिच्यावरच खेळलो, आणि त्या तीन डावांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दर थोड्या वेळानं कोणीतरी विचारत होतं, "तू किती लावलेस?" "हे पन्नास का शंभर?" "तुझ्याकडे उरलेत किती?" पेटीतल्या सगळ्या चिप्सच्या कडेवर सारखेच पांढरे पट्टे होते आणि दोन रंग दिव्याखाली जवळजवळ एकच दिसायचे. चळत दहाच्या वर गेली की कलायची, मग ती सावरण्यात डावाची लय तुटायची. मातीच्या सेटवर खेळताना हे प्रश्न कोणी विचारलेच नव्हते. विचारायची गरजच पडली नव्हती. त्यांच्या नजरा कडांवरून फिरून आपोआप हिशोब करत होत्या आणि ते गप्पा मारत होते.

ज्यांना फरक कळत नाही असं आपण म्हणतो, ते त्या फरकावरच खेळत होते. चांगल्या चिपचं कामच ते आहे. तिनं मधे येऊ नये. माझ्या मित्रांनी तिच्याकडे पाहिलं नाही याचं मला वाईट वाटत होतं, पण ती बनवणाऱ्यांनी तिच्याकडे थांबून पाहावं लागू नये म्हणूनच इतके कष्ट घेतले होते. तेव्हापासून मी कौतुकाची वाट पाहणं सोडलं. मित्रांनी चिप्स वापराव्यात, एवढंच मला हवंय. मातीचा सेट परत टेबलावर आला, मी सांगून टाकलं की पडल्या तर पडू देत, आणि किंमत पुन्हा कधी उच्चारली नाही. महिन्याभरात हात सैल झाले.

"मग या विकून पैसे येतील का?" असंही विचारलं जातं. कॅसिनोची चिप म्हणजे एक वचन असतं, आणि ते पाळणारा असेल तोवरच तिची किंमत. डिसेंबर २०१० मध्ये लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत हेल्मेट घातलेला एक जण मोटारसायकलवरून आला आणि सुमारे १५ लाख डॉलरच्या चिप्स घेऊन पळाला. कॅसिनोनं प्रत्येकी २५,००० डॉलर किमतीच्या चिप्स ठरावीक तारखेनंतर रद्द होतील असं जाहीर केलं आणि त्याच्याकडच्या सर्वांत मोठ्या चिप्स वटवणं जवळपास अशक्य झालं. माझ्या चिप्स कोणीच वटवणार नाही. संग्राहकांच्या बाजारात सेट विकला जातो, मी एक विकलाही आहे, पण तो दुसरा घेण्यासाठी. याला गुंतवणूक म्हणणं मला पटत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर मी त्यासाठी दरमहा ठरलेली रक्कम बाजूला टाकते आणि ती साठल्याशिवाय ऑर्डर देत नाही. उधारीवर एकही चिप घेतलेली नाही. आणि पैसे वाचतात ते गणितानं. प्रत्येकाला दहा हजार गुणांच्या चिप्स देऊन डाव सुरू करायचा, तर २५ च्या बारा, १०० च्या बारा, ५०० च्या पाच आणि १००० च्या सहा, अशा माणशी ३५ चिप्स लागतात. तेच आठ, आठ, चार आणि सात असे वाटले तर २७ मध्ये काम होतं. दहा जणांमागे ऐंशी चिप्सचा फरक पडतो. या वाटण्या कागदावर मांडत मी कित्येक संध्याकाळी काढल्यात, आणि डाव नसलेल्या दिवसांत छंदाचा मोठा आनंद मला त्यातच मिळतो.

एक गोष्ट मात्र मी करत नाही. १९६३ मध्ये लास व्हेगासमध्ये सुरू झालेल्या पॉल-सन या चिप्स बनवणाऱ्या कंपनीच्या साच्यावर उंच टोपी आणि काठीची खूण असते. आज ती कंपनी गेमिंग पार्टनर्स इंटरनॅशनलचा भाग आहे आणि तिचा माल कॅसिनोंसाठी असतो. आमच्या हाती येतात त्या बहुधा बंद झालेल्या कॅसिनोंच्या चिप्स. काही जण त्यांचा इनले खरवडून त्या जागी स्वतःचं नाव चिकटवतात. चिप त्यांची आहे, त्यांनी काय करावं ते मी सांगणार नाही. मला ते जमत नाही. त्या कागदावर एका नाहीशा झालेल्या जागेचं नाव आहे आणि ते टिकायला हवं. माझ्या कपाटात अशा चाळीसेक चिप्स आहेत. कोणी मागितल्या तर दाखवते.

डाव उठल्यावर मी चिप्स मऊ कापडानं पुसते. फार मळल्या असतील तर कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ब्रश. इनलेवर घासायचं नाही. पुसताना तिसऱ्या रॅकमध्ये ती हिरवी चिप हाताला लागते. टवका नखाला अजून जाणवतो. ती बदलून घ्यायला जास्तीच्या हिरव्या चिप्स माझ्याकडे आहेत. मी बदललेली नाही. तिला तिच्या चळतीत परत ठेवते, आणि येत्या शनिवारी ती कोणाच्या वाट्याला जाईल ते वाटतानाच कळेल.