वांगणीला दोन रात्री : एम३ चं अंतर स्वतः मोजलं

एमएस्सीच्या प्रोजेक्टला तयार डेटा मिळतोच, पण मला फोटो स्वतः काढायचे होते, म्हणून मार्चच्या अमावास्येला मित्राला घेऊन दोन रात्री वांगणीला जाऊन आलो. टार्गेट एम३, श्यामशबल तारकासमूहातला बंदिस्त (दाट, गोल) तारकागुच्छ, साधारण पाच लाख तारे, त्यातले दोनशेच्या वर रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारे! शिवाय त्या दिशेला आकाशगंगेची धूळ जवळजवळ नाहीच, प्रकाश अडत नाही, त्यामुळे हिशोब सोपा होतो.

कर्जत किंवा खोपोली लोकल वांगणीला थांबते, पण सहा इंची दुर्बीण, माउंट (दुर्बीण फिरवणारी बैठक), वजनं आणि बॅटरी घेऊन संध्याकाळच्या गर्दीत चढायचा विचारपण करू नका, दुपारचीच गाडी पकडा. जिथे उतरणार त्यांना बाहेरचे लाईट बंद ठेवायला आधीच सांगून ठेवा, आम्ही सांगितलं नव्हतं, पहिल्या रात्रीचा तास त्यातच गेला. आणि हो, जागा निवडताना उत्तर बघा. आपल्याकडे ध्रुवतारा जेमतेम १९ अंशांवर असतो, समोर एक आंब्याचं झाड आलं की पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावणं) संपलं.

एम३ शोधायला स्वाती आणि कोर कॅरोली (श्यामशबलमधला ठळक तारा) यांच्यामध्ये बघायचं, निम्म्यापेक्षा किंचित स्वातीकडे. बायनॉक्युलरमध्ये धुरकट ठिपका, सहा इंचीतून मात्र कडेचे तारे सुटे व्हायला लागतात आणि मग डोळा काढवत नाही. रात्री दोनच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा नळी ट्रायपॉडच्या पायाला लागू शकते, त्याआधीच माउंट फिरवून घ्या. ४५ सेकंदांचे दहा फोटो एकत्र केले की तेजाच्या आलेखावरचा एक पॉइंट, असं पहाटे चारपर्यंत. दंव पडतं, आरशावर लक्ष ठेवा. फ्लॅट फ्रेम्स (एकसारख्या उजेडाचे फोटो, धुळीचे डाग वजा करायला) तिथेच काढा, मी घरी येऊन काढल्या, कॅमेरा मधे काढला होता त्यामुळे धुळीचे डाग जुळलेच नाहीत आणि पहिल्या रात्रीचे निम्मे पॉइंट टाकून द्यावे लागले.

आता मोजमाप. गुच्छाच्या मध्यात तारे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे बाहेरच्या बाजूचे सात आरआर लायरी प्रकारचे रूपविकारी तारे घेतले. हे म्हातारे तारे, गाभ्यात हेलियम जळतोय, बाहेरच्या थरात उष्णता अडकते-सुटते म्हणून साधारण अर्ध्या दिवसात फुगतात आणि आकसतात. एका रात्रीत निम्मंच चक्र मिळतं, म्हणून दोन रात्री तरी हव्यातच. फोटोच्या हिरव्या चॅनेलवर फोटोमेट्री (तेजाचं मोजमाप) केली, सरासरी प्रत (दिसणाऱ्या तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा अंधुक) आली १५.७. या ताऱ्यांची निरपेक्ष प्रत (तारा १० पार्सेकवर असता तर दिसली असती ती) साधारण ०.६ धरतात, म्हणजे फरक १५.१, त्यावरून अंतर सुमारे १०,५०० पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं), ३४ हजार प्रकाशवर्षं! मान्य आकडा ३३-३४ हजारांच्याच आसपास आहे. आकडा स्क्रीनवर आला तेव्हा मी दोनदा हिशोब तपासला. हार्लो शॅपलीने अशाच गुच्छांची अंतरं काढून सूर्य आकाशगंगेच्या मध्याशी नाही हे १९१८ च्या सुमारास दाखवलं होतं, तीच पद्धत आपल्या हाताने करून बघायला मिळाली.

जाल तेव्हा ओमेगा सेंटॉरी हा दुसरा बंदिस्त गुच्छ पण बघून घ्या. चित्रा दक्षिणोत्तर रेषेवर आली की तिथून सरळ खाली साडेतीन मुठी (हात लांब केल्यावर एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश), क्षितिजापासून तेवीस अंशांवर. दक्षिणेला डोंगर नसेल अशी जागा मात्र हवी.