२२ लिटरची सॅक: हरिहर करून आल्यावरची नोंद

एका दिवसाच्या ट्रेकला ४० लिटरची सॅक न्यायची नाही, हे पावसाळ्यातच ठरवलं. ती रिकामीच १.६ किलो भरते, आणि जागा दिसली की माझा हात थांबत नाही. नवी २२ लिटरची, रिकामी ७०० ग्रॅम. घेण्याआधी दुकानात वजन भरून दोनदा जिना चढलो-उतरलो. पाठही मोजली: मान झुकवल्यावर बोटाला लागतं त्या हाडापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत. लिटर सगळेच विचारतात, हे माप कुणी घेत नाही. खांद्यात पट्टे रुततात ते बरेचदा त्यामुळेच.

नाशिक जिल्ह्यातला हरिहर गड हा तिच्यासोबतचा तिसरा ट्रेक. पायथ्याच्या निरगुडपाड्यातून निघताना एकूण ५.४ किलो, त्यात ३ किलो नुसतं पाणी. आधीच्या दोन्ही ट्रेकना बाटल्या बाजूच्या जाळीत होत्या. साध्या वाटेवर चालून जातं. हरिहरच्या पायऱ्यांवर खोबणीत बोटं अडकवून चढायचं, तिथे मागे ओढणारं अर्धा किलोसुद्धा कळतं. म्हणून या वेळी दोन बाटल्या आत, पाठीला लागून उभ्या ठेवल्या आणि पुढे विंडचीटर गच्च कोंबलं. सॅक अंगाबरोबर हलू लागली, मागे झोल जाईना. फार बरं वाटलं.

तिसरी बाटली मात्र जाळीतच राहिली होती. दरवाजानंतर कातळात खोदलेल्या वाटेने वाकून जावं लागतं. तिथे ती कातळाला घासली आणि अर्धी बाहेर आली. माझ्या मागे, खाली, माणसं होती. थांबून आधी ती आत टाकली. यापुढे अशा गडावर सॅकच्या बाहेर काहीही लटकणार नाही, मग्गासुद्धा नाही.

वरच्या कप्प्यात टॉर्च, शिट्टी, क्रेप बँडेज, ओआरएसच्या दोन पुड्या. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खजूर. डब्याऐवजी फडक्यात बांधलं. उतरताना तेच ओलं करून डोक्याला गुंडाळलं.

ऑगस्टात राजगडाला रेनकव्हर असूनही पाठीच्या बाजूने पाणी झिरपलं होतं. तेव्हापासून आत जाड प्लास्टिकची पिशवी असते, तोंड पिळून दुमडलेली.

छातीचा पट्टा अजून सारखा सैल होतो, त्याला दोन टाके मारायचे आहेत. एप्रिलात वेल्ह्यातून तोरणा. तेव्हा ४ लिटर पाणी लागेल. ते बाहेर काही न लटकवता बसतं का, ते आदल्या रात्री भरून बघणार आहे.