अक्कलदाढ काढल्यानंतरचा आठवडा: माझा अनुभव

माझी खालची अक्कलदाढ आडवी होती. हिरडी उघडून, थोडं हाड कोरून काढावी लागली. अशा दाढेनंतर सूज येतेच. सरळ उगवलेली दाढ नुसती उपटली तर त्रास बराच कमी होतो, पण काळजी तीच.

सगळा खेळ दाढेच्या रिकाम्या खळग्यात साकळलेल्या रक्ताचा आहे. ती गुठळी म्हणजे खालच्या उघड्या हाडावरचं झाकण. ती टिकली तर जखम आपोआप भरते. आणि ती जाऊ शकते ती स्वच्छतेच्या हौसेपायीही: सारखं थुंकणं, खळाखळा चुळा भरणं.

डॉक्टरांनी दिलेला कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून बघितलं तर दाब राहत नाही आणि रक्त थांबत नाही. लाळ गिळायची. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसते. थेंबभर रक्तही भरपूर लाळेत मिसळलं की तोंडभर रक्त आल्यासारखं वाटतं. खरंच वाहत असेल तर स्वच्छ गॉज ओला करून जखमेवर ठेवून अर्धा तास न उघडता दाबायचा. तरीही थांबलं नाही तर फोन न करता सरळ दवाखाना गाठावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते दाढ काढण्याआधीच सांगायचं. स्वतःच्या मनाने ती बंद करायची नाही.

खालच्या जबड्याची भूल उतरायला तीन-चार तास लागतात. तोवर जेवू नये, ओठ-गाल चावला जातो आणि कळतही नाही. वेदनाशामक गोळी मात्र भूल पूर्ण उतरण्याआधी, थोडं दूध किंवा गार पेज पोटात घालून घ्यावी. दुखणं भडकल्यावर घेतलेली गोळी लवकर पुरी पडत नाही. लिहून दिलेल्या गोळीत आयबुप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल आहे का, ते पाकिटावर वाचावं. असेल तर वरून घरातली क्रोसिन नको, तीही पॅरासिटामॉलच. अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव वाढतो, दुखण्यासाठी ती घेऊ नये. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक दिलं असेल तर दारू पूर्ण बंद.

पहिल्या दिवशी बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर पंधरा मिनिटं ठेवायचा, पंधरा मिनिटं काढायचा. गरम शेक त्या दिवशी अजिबात नको, त्याने सूज आणि रक्त दोन्ही वाढतं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, घाबरू नये. त्यानंतर तोंड उघडेना तर कोमट शेक आणि जबड्याची हळूहळू उघडझाप. रात्री डोक्याखाली दोन उशा.

चुळा चोवीस तासांनंतरच. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा, जेवणानंतर तर नक्कीच. पाणी तोंडात घेऊन मान एका बाजूला कलती करायची आणि पाणी बेसिनमध्ये नुसतं गळू द्यायचं. बाकीचे दात मऊ ब्रशने घासायचेच.

खाण्यात दहीभात, गार झालेली मऊ खिचडी, नाचणीची आंबील. पहिल्या दिवशी चहाही गार करून. पापड, फरसाण, तिळाची चटणी आठवडाभर बंद. तीळ-मोहरी खळग्यात अडकते. स्ट्रॉ नको, ओढण्याने गुठळी सुटते. विडी-सिगारेट, तंबाखू आणि मशेरी किमान तीन दिवस बंद, आठवडाभर बंद ठेवली तर उत्तम. ‘दात घासण्यापुरती मशेरी’ हीसुद्धा तंबाखूच.

खळग्यात पांढरट थर दिसला तर तो पू समजून काडीने खरवडू नये; तो जखम भरत असल्याचा थर असतो. पण दुखणं कमी होत आलेलं असताना तिसऱ्या दिवसाच्या आसपास अचानक वाढलं, ठणका कानापर्यंत गेला, तोंडाला घाण वास आला आणि खळगा रिकामा दिसू लागला, तर तो ड्राय सॉकेट, म्हणजे गुठळी निघून उघडं पडलेलं हाड. नुसत्या अँटिबायोटिकने तो ठणका जात नाही. डॉक्टर खळगा धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि बराच आराम पडतो. घरी लवंगेचं तेल ओतू नये, उघडी जागा भाजते.

तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच गेली, ताप आला, ओठ बधिरच राहिला, तर त्याच दिवशी दाखवावं. गिळायला किंवा श्वास घ्यायला अडचण वाटली तर एक क्षणही थांबू नये, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठावं.

काळ्या रेशमाचे टाके साधारण सातव्या दिवशी काढतात; विरघळणारे असतील तर आपोआप पडतात. त्यानंतरही खळगा काही आठवडे राहतो आणि भाताचं शीत हमखास त्यात जाऊन बसतं. डॉक्टरांकडून बोथट टोकाची सिरिंज मागून घ्यावी आणि ते सांगतील तेव्हापासून जेवणानंतर मिठाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवावं.