गोधड्यांच्या खोलीत भरलेली गाणी

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील ज्या खोलीत आमचा संगीतवर्ग भरतो, तिथे पूर्वी खताची पोती ठेवली जात. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि चारही भिंती उघड्याबोडक्या, त्यामुळे आत नुसती टाळी वाजवली तरी तिचा नाद बराच वेळ घुमत राहत असे. अंबाजोगाईत मी अनेक वर्षे गायन आणि हार्मोनियम शिकवले. निवृत्तीनंतर काही स्नेह्यांच्या देणगीतून हा मोफत वर्ग सुरू केला, तेव्हा मुलांना सुरात गायला शिकवावे एवढाच आमचा हेतू होता. ध्वनिमुद्रणाची कल्पना सहावीतल्या एका मुलीची. गंगाखेडच्या जनाबाईंचा एक अभंग तिला चांगला बसला होता आणि तो आईला ऐकवायचा होता. पण संध्याकाळी वर्ग सुटतो त्या वेळी आई दूर उसाच्या फडावर मोळ्या वाहत असे. "बाई, गाणं भरून ठेवता येईल का? आई रात्री ऐकेल," असे तिने विचारले.

दसरा-दिवाळी उलटली की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे मुकादमाकडून (मजुरांच्या टोळ्या नेणाऱ्या ठेकेदाराकडून) आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि बहुधा गुढीपाडव्याच्या आसपास परततात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिथला हिशेब असतो आणि त्यात मुलांना जागा नसते. काही मुले आईवडिलांबरोबर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहतात आणि त्यांची शाळा सुटते. काही आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. आमच्याकडे येतात ती ही मागे राहिलेली मुले. जेवण, वह्या, कपडे यांची सोय कमीअधिक होते, मात्र पाच-सहा महिने आईचा आवाज त्यांना फोनवर काही मिनिटेच ऐकायला मिळतो, आणि तोही दिवसभराच्या कामाने थकलेला असतो.

खोली तयार करण्यात आमचा बराच वेळ गेला. अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटवा, असा सल्ला अनेकांनी दिला. पण ते केवळ वरच्या पट्टीतला आवाज थोडासा शोषतात, खालचा घुमारा तसाच राहतो. शेवटी लाकडी चौकटींत वाया गेलेला कापूस दाबून भरला, त्यावर गावातल्या बायकांनी दिलेल्या जुन्या, जाड गोधड्या ताणून बसवल्या आणि त्या चौकटी भिंतीपासून चार बोटे पुढे टांगल्या. त्या दिवशी टाळीचा नाद पहिल्यांदा जागच्या जागी थांबला. पत्र्यांवर मात्र उपाय सापडलेला नाही; पाऊस आला की काम बंद ठेवावे लागते. एक कंडेन्सर माइक, माइकचा आवाज संगणकात नेणारा दोन वाहिन्यांचा ऑडिओ इंटरफेस, कान पूर्ण झाकणारे दोन हेडफोन, कोणीतरी दिलेला जुना संगणक आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर, एवढाच आमचा स्टुडिओ आहे. मुले माइकपासून एक वीत अंतर ठेवून उभी राहतात आणि गाणे सुरू होण्यापूर्वी पंखा बंद करायला त्यांच्यापैकीच कोणीतरी धावते.

आपला आवाज प्रथम ऐकताना प्रत्येक मूल म्हणते, "हा माझा नाही." बोलताना किंवा गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही पोहोचतो, म्हणून तो स्वतःला अधिक भरदार वाटतो, मुद्रणात फक्त हवेतला आवाज उरतो. हे समजावून सांगितले की मुले पुन्हा ऐकतात, आणि त्या दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यात जे घडते त्यासाठी मी ही सगळी यातायात करते. जनाबाईंचा अभंग गाणाऱ्या त्या मुलीला अंतऱ्याच्या शेवटी सूर उतरतो हे मी कितीदा तरी सांगितले होते, हेडफोनमध्ये तिसऱ्यांदा ऐकताना तिने स्वतःच बोट वर केले आणि म्हणाली, "इथं मी दमते, म्हणून खाली येते." मग श्वास कुठे घ्यायचा हे तिचे तिनेच ठरवले. सूर यंत्राने दुरुस्त करण्याची सोय असते, ती आम्ही वापरत नाही. आमच्या मुलांच्या घरांत गायल्या जाणाऱ्या ओव्यांतील कितीतरी स्वर हार्मोनियमच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध उभे असतात, आणि जन्मभर हार्मोनियम शिकवूनही मला ते इथेच नीट ऐकू आले.

मराठवाड्याला आवाज जपून ठेवण्याचे हे काम नवीन नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या १९९६ मध्ये त्याच प्रकल्पात ध्वनिमुद्रित झाल्या. आमच्या वर्गातील मुलांना त्या मी ऐकवते, कारण आपल्या आजीसारख्या बाईचे गाणे कोणीतरी मोलाचे मानले हे त्यांना कळायला हवे.

तेरा वर्षांच्या एका मुलाच्या बाबतीत हे विशेष जाणवले. त्याचा आवाज फुटू लागला होता. अशा वयात गळ्यावर जोर देऊ नये म्हणून मी त्याचे गाणे थांबवले आणि काही वाजवतोस का असे विचारले. तो गप्प राहिला. घरी पिढ्यान्‌पिढ्या हलगी आहे आणि शाळेत त्यावरून चिडवतात, हे त्याच्या मित्राकडून समजले. मी आग्रह धरला नाही. काही आठवड्यांनी तो आपणहून हलगी घेऊन आला, अंगणात काटक्या पेटवून तिचे चामडे शेकले आणि ते पुरेसे ताणले गेल्याची खात्री करून मगच आत आला. इतक्या कडक आवाजापुढे एक वीत अंतर निरुपयोगी ठरले. माइक खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यावा लागला.

आता एका कटू गोष्टीविषयी. एका देणगीदाराने एका मुलीचे गाणे आम्हाला न विचारता, तिच्या गरिबीचे वर्णन जोडून, मदतीच्या आवाहनासाठी सगळीकडे पाठवले. वर्गातल्या मोठ्या मुलांनी ते वाचले आणि ती मुलगी पंधरा दिवस आली नाही. तेव्हापासून मी या बाबतीत कठोर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क मूलतः निर्मात्याकडे असतो आणि तो ६० वर्षे टिकतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे हक्क कायदा स्वतंत्रपणे मानतो, त्यांची मुदत ५० वर्षे आहे. म्हणून आम्ही साध्या मराठीत एक पानाचा कागद तयार केला: मुद्रण मुलाचे, एक प्रत त्याच्या घरी, आणि मूल व पालक दोघांच्या संमतीशिवाय ते बाहेर जाणार नाही. काही देणग्या त्यामुळे थांबल्या. त्या थांबणे मला मान्य आहे.

हलगीचे मुद्रण त्या मुलाने वडिलांना पाठवले. ज्या ट्रॅक्टरमधून ऊस कारखान्यावर जातो, त्याच्या चालकाने ते मोठ्या आवाजात लावले, फडावरच्या साऱ्यांनी ऐकले, आणि रात्री वडिलांचा निरोप आला की शेवटच्या फेरीत टिपरू (हलगी वाजवायची काडी) उशिरा पडते आहे. पाडव्यानंतर ते स्वतः आले, गोधड्यांवरून हात फिरवला आणि ती फेरी वाजवून दाखवली. ते मुद्रण बापलेकाच्या जोडनावाने ठेवले आहे.

जनाबाईंचा अभंग गाणारी मुलगी आता सातवीत आहे. यंदा तिने नवी मागणी केली: दसऱ्याआधी, गाड्या भरण्यापूर्वी, आयांची गाणी भरून ठेवायची. त्यासाठी मी दोन आठवडे संध्याकाळी सातनंतर खोली उघडी ठेवणार आहे, कारण त्याआधी कोणत्याच आईला कामातून सवड नसते. यादीत सतरा नावे झाली आहेत. जाते मिळाले आहे. मात्र त्याची घरघर माइकमध्ये गाण्यावर मात करते, म्हणून ते दाराबाहेर ठेवून पाहायचे आहे.